कड्यावरचं हॉटेल आणि आत्याबाईंची घंटा

तळेगावच्या माणसानं लोणावळ्याचं प्रवासवर्णन लिहायचं, म्हणजे स्वयंपाकघरातून माजघरात जाऊन आल्याची हकीगत छापून आणायची. गाडीत खिडकी मिळवावी, डबा उघडावा आणि पहिला घास तोंडात जातो न जातो तोच उतरायची वेळ यावी, एवढाच तो प्रवास. पण आमच्या शेजारच्या विमलताई काश्मीरला जाऊन आल्या तेव्हापासून त्यांच्या तोंडी शिकाऱ्याशिवाय विषय नाही. मेथी निवडतानासुद्धा त्यांना दल सरोवर आठवतं. पावसाळाभर मी ते ऐकून घेतलं. आता त्यांनी माझं ऐकायचं.

शिवाय लोणावळा आम्ही जन्मभर पाहिला तो खालच्या अंगानं. स्टेशन, बाजार, चिक्कीची दुकानं, फार तर कुणाच्या लग्नाला धर्मशाळा. वरच्या अंगाला, खंडाळ्याकडे, दरीच्या अगदी काठावर श्रीमंतांचे बंगले आहेत, त्यांची आम्हाला ओळख म्हणजे फक्त फाटकं आणि फाटकांवरची कुत्र्यांपासून सावध राहण्याची पाटी. या खेपेला आम्ही फाटकाच्या आत गेलो, तीन दिवस राहिलो आणि एका भल्या माणसाच्या पोटावर पाय देता देता थोडक्यात वाचलो.

निमित्त झालं तेही पोटाचंच. माझे यजमान तळेगावात वैद्यकी करतात. मुंबईचे एक वल्लभशेठ पुण्याहून परतताना आमच्या दाराशी मोटार थांबवून पोट धरून उतरले. यांनी त्यांना ओटीवर आडवं केलं, ताकातून हिंगाष्टक दिलं, आणि थोड्या वेळानं जो काही आवाज झाला तो ऐकून मोटारीचा ड्रायव्हर धावत आत आला. शेठ मात्र हसत उठून बसले. खंडाळ्याच्या कड्यावर त्यांनी नवं हॉटेल बांधलं होतं. "वैदराज, तीन दिवस माझ्या हॉटेलात राहायला यायचा. घरचे समदे घेऊन यायचा. रविवारी मी पण येते," असं त्यांनी यांचे दोन्ही हात धरून सांगितलं.

घरचे सगळे म्हणजे हे, मी आणि आत्याबाई.

शुक्रवार

आत्याबाई म्हणजे यांच्या सख्ख्या आत्या. माहेर इंदुरीचं. लहान वयातच वैधव्य आलं आणि तेव्हापासून त्या आमच्या घरात आहेत, किंवा खरं सांगायचं तर आम्ही त्यांच्या घरात आहोत. सत्तरी उलटली तरी पहाटे अंगण त्याच झाडतात. पाहुणं म्हणून कुणाकडे गेल्या, तर चहा येण्याआधी त्यांची परसात एक फेरी होते आणि यजमानीणबाईंना आपली कालची खरकटी भांडी घासून पालथी घातलेली सापडतात. आपलं अंथरूण आपण काढायचं, आपलं उष्टं आपण उचलायचं, जिथे राहिलो ती जागा झाडून निघायचं. या तीन गोष्टींपुढे त्यांना बाकीचं शास्त्र फिकं वाटतं.

"हॉटेल आहे ते, आत्या. तिथे सगळं करायला माणसं असतात," हे म्हणाले.

"असू देत. आपण काय हात घरी ठेवून जाणार आहोत?"

हात तर घेतलेच, शिवाय प्रायमस स्टोव्ह, तवा, ज्वारीचं पीठ, लसणीची चटणी, मेतकूट, पाण्याचा तांब्या आणि देवाची पितळी डबीही घेतली. या सामानासकट लोणावळ्याला उतरलो तेव्हा हॉटेलची मोटार स्टेशनाबाहेर उभी होती. टोपीवाला ड्रायव्हर साहेबलोकांची वाट बघत आमच्या डोक्यांवरून पलीकडे पाहत होता. हे त्याच्याजवळ जाऊन "आम्हीच ते" म्हणाले तर "पुढं व्हा, पुढं व्हा, पावनं यायच्यात" म्हणून त्यानं आम्हाला बाजूला केलं. शेवटी आम्ही टांगा केला. फाटकापाशी मोटार मागून आली, आणि टांग्यातून उतरणाऱ्या आत्याबाईंच्या काखेतला स्टोव्ह त्या ड्रायव्हरनं ज्या नजरेनं पाहिला ती नजर मी विसरणार नाही.

हॉटेल म्हणजे एक इमारत नव्हे. काळ्या दगडाचे सुटे सुटे बंगले, प्रत्येकाला फुलाचं नाव. आमच्या वाट्याला "चमेली" आली. पुढे हिरवळ, आत दोन खोल्या, आणि मागचा व्हरांडा थेट दरीवर. मी व्हरांड्याच्या कठड्याला धरून खाली पाहिलं आणि पटकन मागे सरले. पायाखाली कोकण पसरलेलं. उजवीकडे नागफणीचं टोक, समोर डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिक्या होत गेलेल्या. खाली कुठेतरी आगगाडी एका बोगद्यातून निघून दुसऱ्यात शिरली. कार्तिक लागला होता. उतारावरचं गवत पिवळं पडलेलं, आणि तळाच्या वाडीत भाताची खळी दिसत होती. काश्मीरची आठवण अजिबात झाली नाही.

तेवढ्यात आमचा बेअरर आला. पांढरी तुमान, पांढरा कोट, कमरेला तांबडा पट्टा, डोक्याला फेटा आणि त्याखाली भरघोस मिशा. वय पन्नाशीच्या आसपास. नाव कोंडिबा. यांनी त्याला कुठलं गाव विचारलं, तर त्यानं कठड्यावरून सरळ खाली बोट दाखवलं.

"ती वाडी दिसतीय न्हवं? तितं चिंचंखाली कौलारू घर हाय, त्ये माजं."

"इथून दिसतं?" मी विचारलं.

"लय झ्याक दिसतं. दोन्ही येळंला धूर निगतो. म्या म्हनतो, चला, हिनं भाकरी टाकली."

पंचवीस-एक वर्षं तो मुंबईला गोदीत ओझी उचलत होता. घरी यायचं ते शिमग्याला. पोरं मोठी झाली, लग्नं होऊन गेली, ती त्याला निम्मी ऐकूनच माहीत. या हॉटेलात जागा निघाली तशी तो गोदी सोडून आला. आठवड्याला सुट्टी मिळते, पायवाटेनं तासाभरात खाली. आणि बाकीचे दिवस हा कठडा होताच. त्याला लावून घेतलं होतं ते उमेदवारीवर. मुदत संपत आली होती, आणि रविवारी शेठ आले की कायम करायचं का नाही ते ठरणार होतं. हे सांगताना त्यानं नकळत फेटा नीट केला.

रात्रीच्या जेवणाला मोठ्या हॉलमध्ये गेलो. पहिल्यांदा आलं ते फोडणी विसरलेल्या आमटीचं वरचं पाणी, शेवटी आला तो तांबडा, थरथरणारा पदार्थ. हे चमचा लावणार तेवढ्यात तो बशीतल्या बशीत सरकला. "औषध म्हणून सुद्धा मी हे कुणाला देणार नाही," हे म्हणाले. आत्याबाई आल्याच नव्हत्या. त्यांनी व्हरांड्यात स्टोव्ह पेटवून पिठलं-भाकरी केली होती, आणि आम्ही दोघं ते सगळं सोडून चोरासारखे परत येऊन तीच जेवलो.

शनिवार

सकाळी मला जाग आली ती घंटेनं. आत्याबाईंनी आरशाच्या टेबलावर देव मांडले होते. आरशामुळे बाळकृष्ण दोन दिसत होते आणि आत्याबाई दोघांनाही फूल वाहत होत्या. टेबलावर हॉटेलनं ठेवलेली एक लखलखीत पितळी घंटा होती.

"शेठ धार्मिक आहे हो," त्या म्हणाल्या. "देव नाही ठेवले, पण घंटा आठवणीनं ठेवली."

त्यांनी पुन्हा घंटा वाजवली. दार उघडलं आणि कोंडिबा धापा टाकत आत आला. समोर आरती चाललेली पाहून त्यानं हात जोडले. आत्याबाईंनी त्याला तीर्थ दिलं, साखर दिली. तो गेला. मग नैवेद्याची घंटा झाली. कोंडिबा पुन्हा पळत आला, पुन्हा हात जोडून उभा राहिला, पुन्हा साखर घेऊन गेला. मग आत्याबाईंना धूप राहिल्याची आठवण झाली. तिसऱ्या वेळेला त्याच्या मिशांवर साखर तशीच होती.

"किती श्रद्धाळू आहे बघ," आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "घंटा ऐकली की असेल तिथून येतो."

कोंडिबानं चाचरत विचारलं, "आजी, काई काम व्हतं?"

"काम कसलं? देवाला आलास ना?"

"व्हय, व्हय," कोंडिबा म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणं त्याच्या जिभेला जमतच नव्हतं. घंटेशेजारी एक इंग्रजी कार्ड होतं. बेअररला बोलावण्यासाठी घंटा वाजवावी, असं त्यावर लिहिलंय हे यांनी वाचलं ते नाश्त्यानंतर.

कोंडिबाच्या तोंडातून न निघणारा हा नकार पुढे सगळ्यांनाच महाग पडला. कोंडिबा खोली आवरायला आला तेव्हा गाद्यांच्या वळकट्या होऊन कोपऱ्यात गेल्या होत्या. तो केरसुणी घेऊन आला तर आत्याबाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. "आजी, म्या करतो" असं तो म्हणाला, पण केर काढत पुढे सरकणाऱ्या आत्याबाईंच्या वाटेतून बाजूला होण्यापलीकडे त्याला काही करता आलं नाही. मग त्यांना न्हाणीघरातला तो लांबलचक पांढरा टब सापडला. त्यात माणूस झोपून अंघोळ करतो हे मी सांगितलं, ते त्यांनी थट्टेवारी नेलं. "एवढी मोठी धुण्याची कुंडी, आणि कुणी वापरलेली दिसत नाही," म्हणत त्यांनी सगळ्या चादरी त्यात भिजवल्या, तुडवल्या, पिळल्या आणि दरीवरच्या कठड्यावर वाळत घातल्या. वारा सुटला. पाहता पाहता एक चादर कठड्यावरून उठली, पसरली आणि आमच्या डोळ्यांदेखत कोकणात निघून गेली.

"आता काय करायचं?" मी घाबरून विचारलं.

"उरलेल्यांना गाठी मार," आत्याबाई म्हणाल्या.

दुपारी त्यांनी भाकरी टाकल्या. कोंडिबा ट्रे घेऊन आला, तसं त्यांनी विचारलं, "तू जेवलास का?" झालं, तो जेवला नव्हता आणि त्याला खरं बोलणंही भाग होतं. तो व्हरांड्यात भिंतीला टेकून जेवायला बसला. मी त्याला चटणी वाढत होते, आत्याबाई त्याच्या मागची जागा पुसत होत्या, फेट्यानं डोकं दुखतं असं तो म्हणाला म्हणून हे फेट्याला हात न लावता आतल्या डोक्याची तपासणी करत होते. नेमके याच वेळी हॉटेलचे मॅनेजर वागळे पाहुण्यांची विचारपूस करायला आले.

वागळे गिरगावातले, टाय लावणारे. त्यांनी बसलेला बेअरर पाहिला, पुसणाऱ्या आत्याबाई पाहिल्या, गाठी मारलेल्या चादरी पाहिल्या, त्या मोजल्याही असाव्यात.

"कोंडिबा, हे काय चाललंय? गेस्टकडून कामं करून घेतोस? आणि एक चादर कुठाय?"

कोंडिबा घास हातात धरून उभा राहिला. आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो. मी म्हटलं, हा फार चांगला माणूस आहे, अगदी घरच्यासारखा. वागळ्यांनी मान हलवली. "बाई, तोच तर प्रॉब्लेम आहे. लोक इथे घर विसरायला येतात." आणि कोंडिबाकडे वळून ते म्हणाले, "उद्या शेठ आले की तुझं काय ते ठरवून टाकू."

ते गेल्यावर कोंडिबा बराच वेळ कठड्याशी उभा होता. खाली चिंचेच्या झाडाखालून धूर निघत होता.

"ऱ्हाऊ द्या, आजी," तो म्हणाला. "तुमी काई वाईट वाटून घिऊ नगा. गोदी हाय की अजून. कुटं पळून गेलीया व्हय?"

मला भयंकर वाईट वाटलं. आत्याबाईंचा चेहरा तर असा झाला होता की, मी तसा कधी पाहिला नव्हता. जन्मभर त्यांनी काम केलं ते कुणाला आपला भार नको म्हणून. आणि त्याच हातांनी एका माणसाला घरापासून उठवून पुन्हा मुंबईला पाठवायची वेळ आली होती.

"श्रीमंत लोक इथे काय करतात रे?" त्यांनी विचारलं.

"काईच करत न्हाईत. मागं एक बाई आलत्या. च्या गार म्हनून परत पाठवला, मंग लय कडक म्हनून परत, मंग कपाचा रंग आवडंना. दिसभर पळवला मला. म्यानेजर लय खूश."

"मग उद्या शेठसमोर आपण तसंच करू," आत्याबाई म्हणाल्या.

संध्याकाळी तालीम झाली. आत्याबाईंनी वेताच्या खुर्चीत बसायचं आणि उठायचं नाही, असं ठरलं. खुर्ची मोठी, पाय जमिनीला पोचेनात. कप रिकामा झाला की हात आपोआप उचलायला जायचा, म्हणून मी त्यांच्या हातात जपमाळ दिली. राग मात्र काही केल्या जमेना.

"शिव्या घाला मला, आजी," कोंडिबा विनवायला लागला.

"मेल्या," आत्याबाई म्हणाल्या, आणि पुढे त्यांच्या तोंडून आलं, "जेवलास का संध्याकाळचा?"

यांनाही काहीतरी तक्रार करायची होती. कितीतरी विचार करून यांनी सुचवलं, "ही दरी जरा जास्तच खोल आहे, असं म्हटलं तर?"

रविवार

नाश्ता खोलीत मागवला. खाऊन झाल्यावर आत्याबाई आपल्या बशीकडे पाहत बसल्या. कोंडिबानं ती उचलली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. "माझं उष्टं परक्या माणसानं उचललं," त्या मला हळूच म्हणाल्या. "हे माझ्या डोक्यावर राहिलं बघ." त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. थट्टा करायची सोडून मी त्यांच्या हातात जपमाळ दिली.

दहाच्या सुमाराला वल्लभशेठ आले. बरोबर वागळे. शेठची तब्येत उत्तम होती, यांना पाहताच त्यांनी पोटावर हात फिरवून दाखवला. सगळे व्हरांड्यात बसलो. मी आत्याबाईंना खूण केली. त्यांनी घंटा उचलून जोरात वाजवली आणि ओरडल्या, "कोंडिबा! चहा गार आहे!"

चहा अजून आलाच नव्हता.

कोंडिबा मात्र कसलेल्या नटासारखा धावत आला, "जी!" म्हणाला आणि चहा आणायला पळाला. चहा आला. मी म्हटलं, उशा फार मऊ आहेत. हे म्हणाले, दरी जास्त खोल आहे. शेठ बुचकळ्यात पडून दरीकडे पाहायला लागले. वागळ्यांचा चेहरा मात्र उजळत चालला होता. अशी गिऱ्हाइकं त्यांच्या ओळखीची होती. आत्याबाईंनाही हुरूप आला. त्यांनी कप पुढे केला आणि चांगला खडा आवाज लावला.

"मेल्या, हा काय चहा आहे? अक्कल आहे का तुला, मेल्या?"

"कोन त्ये? माज्या कुकवाला मेला म्हनतंय कोन?"

आवाज कठड्याच्या बाहेरून आला. पायवाट जिथे वर निघते तिथून आधी एक गाठोडं दिसलं, मग त्याखालची बाई. नऊवारी काष्टा, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, चढून आल्यामुळे चेहरा लाल. कोंडिबानं डोळे गच्च मिटले त्यावरून ती पार्वती, त्याची बायको, हे कुणी सांगायची गरज उरली नाही.

कठड्याच्या फटीतून ती आत आली आणि तिनं गाठोडं आत्याबाईंच्या पायाशी आदळलं. "ही चादर तुमचीच न्हवं? आमच्या खळ्यात भातावर यिऊन पडली. कोंबड्या भ्याल्या, पोरं भूत म्हनून बोंबलाया लागली. म्हनलं, यवढी मोठी मान्सं, यास्नी चादर सांबाळता येत न्हाई का, जाऊन इचारावं. तर हितं माज्या मालकाला शिव्याशाप! माजं कुकू काय वाटंवर पडलंया?"

"आगं, गप," कोंडिबा पुटपुटला.

आत्याबाई खुर्चीतून उतरल्या. एका सवाष्ण बाईसमोर तिच्या नवऱ्याला आपण मेला म्हटलं, या एका गोष्टीनं त्यांचं सगळं सोंग गळून पडलं. त्यांनी पार्वतीचा हात धरला.

"चुकलं गं बाई. माझी जीभ झडो. शंभर वर्षं जगू दे तुझा नवरा. सगळं खोटं खोटं चाललं होतं."

मग त्यांनी शेठच्या पुढ्यात उभं राहून सगळं सांगून टाकलं. अंथरूण मी काढलं, केर मी काढला, चादर मी धुतली, ती उडाली माझ्यामुळे, याला जेवायला मी बसवलं. हा बिचारा नको नको म्हणत होता. "आणि आता याला काढणार असाल तर आधी आम्हाला काढा," असं म्हणून त्या पार्वतीच्या शेजारी उभ्या राहिल्या.

शेठनं चष्मा काढून पुसला. "पण मावशी, तुम्ही कशाला केला? हॉटेलमध्ये?"

"झोपले मी, तर चादर काय परक्यानं धुवायची?"

शेठना हसू फुटायला लागलं. "माझी बा, म्हणजे आई, पण अशीच. म्हणून तिला हॉटेलमध्ये मी कधी आणत नाय. आणली तर समदे नोकर बेकार!"

"पण शेठ," वागळे म्हणाले, "शिस्तीचा प्रश्न आहे. गेस्ट काम करत असेल तर बेअररनं थांबवायला नको?"

एव्हाना बोलता बोलता आत्याबाईंनी सवयीनं सगळ्यांचे कप गोळा करून ट्रेमध्ये भरले होते, आणि ट्रे घेऊन त्या आत निघाल्या होत्या. शेठनं त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"वागळे, तुम्ही थांबवून दाखवा."

वागळ्यांनी टाय सरळ केला आणि दोन ढांगांत ते दाराशी आडवे उभे राहिले. "बाई, तो ट्रे माझ्याकडे द्या बघू."

"बाजूला हो, बाळ. सांडेल तुझ्या अंगावर."

"नाही, पण आमच्या नियमाप्रमाणे..."

"दार उघड जरा. हात गुंतलेत माझे."

आणि मॅनेजर वागळ्यांनी दार उघडलं. नुसतं उघडलं नाही, तर आत्याबाई न्हाणीघरात जाऊन कप विसळू लागेपर्यंत धरून ठेवलं. आतून नळाचा आवाज यायला लागला तेव्हा आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. शेठ एवढे हसले की यांनी खिशातलं हिंगाष्टक चाचपलं.

"कोंडिबा कायम," शेठ म्हणाले. "जे मॅनेजरला जमत नाय ते बेअररनं कसं करायचं?"

कोंडिबा कठड्याशी गेला आणि त्यानं खाली पाहिलं. पण आज चिंचेखाली धूर नव्हता, कारण भाकरी टाकणारी वर आमच्या व्हरांड्यात उभी राहून वल्लभशेठना बजावत होती की, भात राखायला खळ्यात कुणी नाही, तेव्हा तिला लवकर सोडावं. आत्याबाईंनी तिची ओटी भरायला मला सांगितलं. खण नव्हता, नारळ नव्हता, म्हणून मी तिच्या पदरात देवाच्या डबीतले तांदूळ आणि हॉटेलची दोन सफरचंदं घातली.

संध्याकाळी निघताना खोली झाडलेली होती. कुणी झाडली, हे वागळ्यांनी विचारलं नाही.

तळेगाव

प्रवास इथे संपायला हवा होता. पण परवा, मळणी उरकल्यावर, कोंडिबा आणि पार्वती आमच्या दारात उभे राहिले. त्याच्या अंगात आपलं धोतर-सदरा, तिच्या डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. "आजी, नवा तांदूळ खाऊन बगा," कोंडिबा म्हणाला. आत्याबाईंनी लगेच त्याचाच भात टाकला, वर साजूक तूप, आणि दोघांना आग्रह करकरून वाढलं. विमलताईही आल्या होत्या. मी त्यांना दरी किती खोल आहे ते सांगत होते आणि त्या काश्मीरचं नावही न काढता ऐकत होत्या.

जेवण झालं. कोंडिबा आपलं ताट उचलून उठला.

"ठेव ते," आत्याबाई म्हणाल्या. "पाहुणा ताट उचलतो का कुठे?"

"न्हाई आजी," कोंडिबा मिशांत हसला. "आपलं उष्टं परक्यानं का उचलायचं?"

पार्वतीनं तोंडाला पदर लावला. आत्याबाईंचाच नियम, त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर उभा होता. कोंडिबा ताट घेऊन मोरीकडे निघाला.

आत्याबाई वळल्या, देवघरात गेल्या आणि घंटा घेऊन त्यांनी ती खणखणीत वाजवली.

"जी!" कोंडिबानं चटकन ताट खाली ठेवलं आणि तो ताठ उभा राहिला.

"परका कोण आहे इथे?" असं म्हणत आत्याबाईंनी वाकून त्याचं ताट उचललं आणि त्या मोरीकडे गेल्यासुद्धा.